पेटीवाल्या हाताने पियानो शिकताना

उजव्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटाच्या किंचित वर, हाडाला लागून एक जागा आहे. ती दुखायला लागली की कणीक मळणं, कुलपात किल्ली फिरवणं, बाटलीचं झाकण उघडणं, सगळीच कामं अडतात. पियानो शिकायला लागून काही महिने झाले होते तेव्हा माझं हे सुरू झालं. पेटी मी लहानपणापासून वाजवते, ठाण्याला नौपाड्यात घरीच मुलांना शिकवते, आणि इतक्या वर्षांत हाताने कधी कुरकुर केली नव्हती. त्यामुळे वाजवण्यानेच हात दुखतोय हे मनाला पटायलाच वेळ लागला.

पियानोकडे वळले ती धंद्याची गरज म्हणून. हल्ली क्लासची चौकशी करणारे पालक आधी विचारतात, "कीबोर्ड शिकवता का? ग्रेडच्या परीक्षा देता येतात का?" म्हणजे ट्रिनिटी किंवा एबीआरएसएम, लंडनच्या परीक्षा. आपल्या शास्त्रीय संगीताच्या परीक्षांचं, गांधर्व महाविद्यालयाचं, नाव घेतलं की त्यांचा उत्साह मावळतो. म्हटलं, आपणच शिकून घेऊ. ८८ वजनदार पट्ट्यांचा डिजिटल पियानो घेतला आणि चरईतल्या एका मिसकडे जायला लागले. मिस ठाण्याच्याच, ईस्ट इंडियन म्हणजे इथल्याच मूळच्या ख्रिस्ती, चर्चमध्ये ऑर्गन वाजवण्यात उभं आयुष्य गेलेलं.

दुखायला लागल्यावर घरातले उपाय झाले. सासूबाईंनी निदान केलं, "वात आहे, वांगं आणि हरभऱ्याची डाळ बंद कर," आणि रोज रात्री महानारायण तेल चोळून दिलं. चोळताना बरं वाटायचं, सकाळी पुन्हा तेच. आमच्या भजनी मंडळातल्या तबलजी काकांचं मत वेगळं होतं. "दुखतंय म्हणजे हात तयार होतोय, रियाज सोडू नकोस." आपल्याकडे ही एक खोडच आहे. बोटं सुजेपर्यंत बसलेल्यांच्या गोष्टी आपण कौतुकाने सांगतो. त्या पायी ज्यांचं वाजवणंच सुटलं त्यांच्या गोष्टी कोणी सांगत नाही. पाश्चात्त्यांकडेही हे आहेच. जर्मन संगीतकार रॉबर्ट शुमानला पियानोवादक व्हायचं होतं. विशीतच उजव्या हाताचं मधलं बोट कामातून गेलं आणि तो रचनांकडे वळला. बोटं बळकट करण्याच्या खटपटीत ते झालं असं पुष्कळ जण सांगतात, पण खऱ्या कारणाबद्दल अभ्यासकांचं एकमत नाही. मिसनी मात्र ऐकताक्षणी पुस्तक मिटलं. "अगं, दुखतंय तर वाजवतेस कशाला? आधी डॉक्टरला दाखव, मग ये."

हाडांच्या डॉक्टरांनी हात बघायच्या आधी दोन प्रश्न विचारले: मुंग्या येतात का, आणि येत असल्या तर नेमक्या कोणत्या बोटांत? मला येत नव्हत्या. पण त्यांनी जे समजावलं ते वाजवणाऱ्या प्रत्येकाला माहीत असावं. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर होत असेल तर मनगटात नस दाबली जात असल्याची शंका घेतात. त्यालाच कार्पल टनेल म्हणतात. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू असेल तर भानगड बहुधा कोपराशी असते. मग त्यांनी मला अंगठा मुठीत घालायला सांगितला आणि मनगट करंगळीच्या बाजूला हलकेच वाकवलं. मी खुर्चीतून उठलेच.

दुखण्याचं नाव डी क्वेर्व्हेन. अंगठा वर आणि बाहेर नेणाऱ्या दोन स्नायूंचे टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारे दोर, मनगटापाशी एकाच अरुंद वेष्टनातून जातात. ते वेष्टन जाड झालं की टेंडन आत घासतात. या नावाच्या स्विस सर्जनने १८९५ मध्ये त्याचं वर्णन केलं. तान्ह्या बाळाला सारखं उचलणाऱ्या आयांना हे हमखास होतं, असं डॉक्टर म्हणाले आणि वर माझ्या हातातल्या मोबाइलकडे बघितलं. मला पट्टा मिळाला तो अंगठ्यालाही अडकवून ठेवणारा. नुसत्या मनगटाच्या पट्ट्याने या दुखण्यात भागत नाही, अंगठा मोकळाच राहतो. उतार पडला नाही तर वेष्टनात इंजेक्शन देऊ, असं ठरलं.

दिवाळी पहाटेच्या एका कार्यक्रमात साथ करायची होती, ती सोडावी लागली. राम मारुती रोडवर ती सकाळ गर्दीत उभं राहून ऐकण्यात गेली. दुसरी पेटी ऐकताना बोटं आपोआप हलत होती आणि पट्टा आवळत होता. क्लास चालू ठेवला, पण पेटीला हात न लावता. अलंकार मुलांना गाऊन दाखवायचे आणि त्यांनी वाजवायचे. माझ्या मते त्या काळात मुलं जास्त शिकली, पण तो वेगळा विषय.

पट्टा दिवसभर घालायची गरज संपल्यावर पाचपाखाडीत फिजिओथेरपी सुरू झाली. तिथल्या मुलीने मला "काकू" म्हटलं ते मी मनावर घेतलं नाही, कारण पहिल्याच भेटीत तिने एक गंमत करून दाखवली. डावा हात उजव्या कोपराखाली, दंडाकडे नाही, पुढच्या बाजूला धरायचा आणि उजवी बोटं पियानोवर असल्यासारखी हलवायची. हाताखाली मासे सळसळावेत तसे स्नायू हलताना लागतात. बोटं वाकवणारे मोठे स्नायू बोटांत नाहीतच, ते इथे, कोपर आणि मनगटाच्या मध्ये आहेत. मनगट जितकं वाकडं, तितके त्यांचे टेंडन वळणावर घासत ओढले जाणार. मग तिने तळहात टेबलावर ठेवायला लावला, मधलं बोट आत दुमडून, आणि म्हणाली, आता फक्त अनामिका उचला. उचलत नाही. तुम्हीही करून बघा. बोटं उचलणाऱ्या टेंडनना मागच्या बाजूला आपसात जोडणारे पट्टे असतात, अनामिकेला ते सगळ्यांत जास्त नडतात. मी तोवर हॅननच्या पियानोच्या जुन्या पुस्तकातले बोटांचे व्यायाम करत होते. त्यात प्रत्येक बोट उंच उचलून पट्टीवर आणायचं असतं आणि अनामिका इतरांइतकी वर जात नाही म्हणून मी तिला जबरदस्तीने वर खेचत होते. ते त्या दिवसापासून बंद. अनामिकेला उचलायचं नाही, मनगट आणि हात जरासा तिच्या बाजूला कलता करायचा, मग तिला आपोआप वजन मिळतं.

पण मूळ दुखणं पेटीतून आलेलं होतं, आणि ते पकडलं मिसनी. एक स्वर वाजवायला सांगून त्यांनी माझं कोपर खालून बोटाने वर ढकललं. कोपर हललं नाही. "हे बघ, स्वर केव्हाच वाजला, तू अजून दाबतेच आहेस." पेटीत पट्टी दाबून ठेवाल तोवर झडप उघडी राहते, भात्याची हवा जाते आणि सूर लांबतो. पेटीवाल्याचा हात म्हणून सूर धरून ठेवायला शिकलेला असतो. तिथेही जोर लावल्याने आवाज वाढत नाही, ते काम भात्याचं; पण पेटीची पट्टी इतकी हलकी की फुकटचा जोर खपून जातो. पियानोत हातोडी तारेकडे फेकली जाते आणि तारेला लागण्याआधीच पट्टीच्या ताब्यातून सुटते. आवाज किती मोठा हे पट्टी किती वेगाने खाली गेली यावर ठरतं. त्यानंतर पट्टीवर हत्ती उभा केला तरी सुरात काडीचा फरक नाही. डिजिटल पियानोत तार नाही, सेन्सर आहेत, पण हिशेब तोच: ते वेग मोजतात, जोर नाही. मी प्रत्येक स्वर वाजून गेल्यावरही अंगठ्याने पट्टी तळाशी दाबून धरत होते आणि तसल्या आवळलेल्या अंगठ्याला पुढच्या स्वरासाठी तळहाताखालून ओढत होते.

नवऱ्याला हे सांगितल्यावर तो देवघरातल्या डबीतली दहा रुपयांची नाणी घेऊन आला. एक नाणं पावणेआठ ग्रॅमच्या आसपास. पियानोच्या पट्टीच्या अगदी पुढच्या टोकावर एकेक नाणं रचत गेला. आठव्या नाण्याला पट्टी सावकाश खाली बसली. म्हणजे साठेक ग्रॅम. खऱ्या पियानोवर ते साधारण ५० ग्रॅम असतं आणि पट्टी जेमतेम एक सेंटीमीटर खाली जाते. आठ नाण्यांच्या कामाला मी खांद्यापासून जोर लावत होते.

ही सवय मोडणं सगळ्यांत चिवट काम होतं. मिसनी व्यायाम दिला तो ऐकायला पोरखेळ: एक स्वर वाजवायचा, लगेच हात सैल सोडायचा, पट्टी वर येणार नाही इतकाच भार ठेवायचा, मग कोपर झुलवून बघायचं. झुललं तरच दुसरा स्वर. वर्षानुवर्षं तीन तासांच्या बैठकीत साथ केलेल्या बाईने सा वाजवून कोपर झुलवत बसायचं! दोन-तीन आठवड्यांनी मात्र सरगम वाजवतानाही ती ढील यायला लागली. अंगठा तळहाताखालून ओढायचा नाही, पूर्ण हातच पुढे सरकवून अंगठ्याला जागेवर नेऊन ठेवायचं, हे मग आपसूक जमलं.

बैठकीचाही प्रश्न होताच. जागेअभावी पियानो जेवणाच्या टेबलावर ठेवला होता. टेबल ७५ सेंटीमीटर, त्यावर पियानोची जाडी. खऱ्या पियानोच्या पट्ट्या जमिनीपासून ७३ सेंटीमीटरच्या आसपास असतात. मी त्याहून वीतभर... नाही, वीतभर नसेल, पण दहा-बारा सेंटीमीटर वर वाजवत होते, खांदे उचलून, मनगट मोडून. माळ्यावर टाकलेला स्टँड खाली काढला, डायनिंगच्या खुर्चीवर चटई घडी करून ठेवली. कोपर पट्ट्यांच्या उंचीला आलं की झालं.

मला खरा आनंद दिला तो शोपँने, पियानोसाठीच रचना करणाऱ्या जुन्या पोलिश संगीतकाराने. तो शिष्यांचा हात पहिल्यांदा ठेवायला लावायचा ते पाच स्वर आपल्या पेटीच्या भाषेत सांगायचे तर: पांढरी तीन, काळी तीन, काळी चार, काळी पाच, पांढरी सात. लांब बोटं काळ्यांवर, आखूड अंगठा आणि करंगळी पांढऱ्यांवर. हात कुठेच आवळावा लागत नाही, अंगठा सरळ पडतो. नवशिक्यांना सगळ्या पांढऱ्यांवरच बसवतात ते वाचायला सोपं म्हणून, हाताला नाही. शोपँ तर पहिली सरगमच पांढरी सातला सा धरून शिकवायचा, पाचही काळ्या येतात ती. मिसनी हे सांगितलं तेव्हा मला हसू आलं. बायकांना साथ करता करता काळी चार आणि काळी पाचला सा धरूनच माझा हात वाढलेला. सगळ्या पांढऱ्यांच्या सी मेजरमध्येच तो परका होता. मी रोजची सुरुवात आता त्या पाच स्वरांवरच करते, वाजवायचं वीस-पंचवीस मिनिटं, मग उठून ओट्यावरचं एखादं काम, मग पुन्हा.

इंजेक्शन लागलं नाही. फिजिओने दिलेला व्यायाम, अर्ध्या लिटरची बाटली धरून मनगट सावकाश खाली सोडायचा, चालू आहे. पेटी पुन्हा पूर्ववत सुरू झाली. गणपतीत आरत्यांची रांग लागली की रात्री पट्टा घालते, इतकंच.

एकच गोष्ट जमत नाही आणि जमणारही नाही: सप्तक एका हातात ताणून धरणं. पियानोवर सा ते तार सा अंतर साडेसोळा सेंटीमीटर, माझा पंजा लहान. योसेफ हॉफमनसारख्या दिग्गज पियानोवादकाचाही हात लहान होता, त्याच्यासाठी स्टाइनवे या पियानो कंपनीने जरा अरुंद पट्ट्यांचे पियानो बनवून दिले. ठाण्यात माझ्यासाठी कोण बनवणार! पण एबीआरएसएमच्या नियमांतच सोय आहे, मिसनी माझा परीक्षेचा फॉर्म भरायच्या आधी वाचून दाखवली: हात पोचत नसेल तर स्वर एकामागोमाग उलगडून वाजवा किंवा एखादा गाळा, संगीत बिघडता कामा नये. माझ्या दुसऱ्या पीसमध्ये अशा दोन जागा आहेत. एका ठिकाणी मी खालचा स्वर आधी वाजवून सोडते, दुसऱ्या ठिकाणी मधला गाळलाय.