आमचा वाघ्या दिल्लीला जाऊन नुसता राजमा होतो

काल रात्री आई सूप घेऊन बियाणं निवडत बसली होती, मृग तोंडावर आलाय, एकेक दाणा बोटानं सरकवून बघत होती आणि पट्टा फिका दिसला की बाजूला. आमच्या कोरेगाव तालुक्यातला (सातारा जिल्हा) वाघ्या घेवडा म्हणजे फिकट गुलाबी दाणा आणि त्यावर लाल रेघा, वाघाच्या अंगावर असतात तशा, म्हणून वाघ्या. २०१६ ला त्याला जीआय मानांकन (भौगोलिक मानांकन, म्हणजे ते नाव त्याच भागातल्या मालाला) मिळालं, पण अजून पुण्यामुंबईतल्या कितीतरी लोकांना हे नावच माहीत नाही, याचं फार वाईट वाटतं.

पीक तसं कमी दिवसाचं, जून-जुलैत पेरलं की अडीच महिन्यांत रान मोकळं आणि त्याच वापशावर (जमिनीतल्या ओलीवर) शाळू, म्हणजे रब्बी ज्वारी पेरता येतो, म्हणून दीड-दोन एकरवाल्याला हे पीक परवडतं. पण नाजूक फार. पाणी साचलं की दोन दिवसात पिवळं पडतं, त्यामुळं निचऱ्याचीच जमीन लागते. आणि कडधान्य आहे म्हणून खत नको असं समजू नका, तूर-हरभऱ्यासारख्या गाठी याच्या मुळावर नीट धरत नाहीत, नत्र वरून द्यावंच लागतं. आम्ही पहिली दोन वर्षं ते दिलं नाही आणि झाड गुडघ्याएवढंसुद्धा झालं नाही.

खरी परीक्षा सप्टेंबरात. शेंगा वाळल्या की पहाटे दव असतानाच झाडं उपटायची, ऊन चढलं की शेंग तडकते आणि दाणा रानातच सांडतो. मागच्या वर्षी उपटून खळ्यावर ढीग लावला आणि चार दिवस पाऊस हटलाच नाही, ताडपत्री होती पण खालून ओल आली, वरचे दाणे बरे निघाले आणि खालचे सगळे डागी. आई मळणीच्या आधी दाणा दाताखाली धरून बघते, कटकन वाजला तर वाळला, नुसता दबला तर अजून दोन ऊन द्यायची. तिचा अंदाज कधी चुकलेला मला आठवत नाही.

पण व्यापाऱ्याकडं गेलं की त्यानं मूठभर दाणे तळहातावर घेतले आणि म्हणाला, "माल ओला हाय, पोत्यामागं दोन किलो कडता धरावा लागंल." (कडता म्हणजे वजनातली कपात.) आई म्हणाली, "शेठ, मी दातानं बघितलाय, तुम्ही पण बघा की." त्यानं बघितलं नाही. घरी सोसायटीच्या कर्जाचा हप्ता थकलेला, परत न्यायचं भाडं कुठनं आणायचं, दिला तसाच. तूर, मूग, उडीद, हरभरा, मसूर या सगळ्यांना हमीभाव आहे, घेवड्याला नाही, त्यामुळं समोरचा जो बोलेल तो भाव. आणि त्याच गोदामात वाघ्या, वरुण (घेवड्याचीच दुसरी जात), सगळं एका ढिगात जातं आणि तिथनं उत्तरेला राजमा म्हणून. आमच्या भागात आता वरुणच जास्त पेरतात, लवकर येतो आणि उतारा चांगला देतो, त्यांना मी दोष देत नाही, वाघ्याला वेगळा पैसा मिळत नसेल तर माणूस वाघ्या का लावेल?

माझं म्हणणं एवढंच, वाघ्या वाघ्या म्हणूनच विकला गेला पाहिजे. जीआय नुसतं गावाला मिळून भागत नाही, ते नाव पिशवीवर लावायचं तर प्रत्येक शेतकऱ्यानं अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी करावी लागते, आणि आमच्या वाडीत ती कुणीच केलेली नाही. मी यंदा अर्ज भरतोय आणि शेजारच्या तिघांना पण बसवून भरून घेणार आहे. मागच्या वर्षी चांगल्या मालातला ४० किलो चाळून, निवडून, किलोकिलोच्या पिशव्या करून पुण्यात ओळखीच्यांना दिला, किलोमागं ३० रुपये जास्त पडले. एका काकूंचा फोन आला की रात्री भिजवायला विसरले होते तरी दोन तासांच्या भिजवणीवर शिजला, आणि रस्सा दाट झाला. (आमच्याकडं त्यात नुसतं कांदा-लसणाचं तिखट आणि कोथिंबीर, टोमॅटो नाही.)

बियाणं निवडून झालं तेव्हा अकरा वाजले होते. आईनं राख चोळलेला डबा परत झाकला आणि म्हणाली, विहिरीवरच्या अर्ध्या एकरात पण यंदा वाघ्याच टाकू, वरुण खालच्या पट्टीला.