एम्प्रेस मिल, जमशेटजी आणि त्यांचं घराणं

टाटा म्हटलं की लोकांच्या तोंडी जमशेदपूर येतं, मुंबईचं ताज येतं, आणि मला दरवेळी वाटतं की अरे, या दोन्हीच्या आधी आपलं नागपूर आहे. ताज सुरू झालं 1903 मध्ये, जमशेदपूरचा पोलाद कारखाना तर जमशेटजी टाटा गेल्यानंतरचा, आणि त्यांची नागपूरची कापडगिरणी, एम्प्रेस मिल, सुरू झाली 1 जानेवारी 1877 ला. म्हणजे या माणसाचं पहिलं खरं मोठं काम आपल्या शुक्रवारी तलावाजवळ उभं राहिलं. आज तिथं मॉल आहे आणि नव्या पोरांना एम्प्रेस म्हणजे मॉलच वाटतो, त्यात त्यांचा काही दोष नाही, कोणी सांगितलंच नाही तर कळणार कसं. म्हणून मी लिहितोय.

जमशेटजी नागपूरचे नव्हते आणि मूळचे मुंबईचेही नव्हते. जन्म 3 मार्च 1839 चा, नवसारीचा, तेव्हाच्या बडोदा संस्थानातला. घराणं पारशी धर्मगुरूंचं, पिढ्यान्‌पिढ्या तेच काम, आणि ते मोडून व्यापारात पडणारे पहिले म्हणजे वडील नसरवानजी, ते मुंबईला आले आणि मागून पोरगाही आला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिक्षण, शिकत असतानाच हिराबाईंशी लग्न. 1859 ला मोठा मुलगा दोराबजी, आणि धाकटा रतनजी थेट 1871 मध्ये, दोघा भावांत अकरा-बारा वर्षांचं अंतर.

मधली वर्षं फार वाईट गेली. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं तेव्हा तिकडचा कापूस इंग्लंडला जाणं थांबलं आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला, सगळे पैशामागे वेडे झाले, आणि 1865 मध्ये युद्ध संपल्याबरोबर सगळं कोसळलं. टाटांचंही कोसळलं. जमशेटजी तेव्हा लंडनमध्ये होते, वय पंचविशीच्या आसपास, आणि पळून न जाता त्यांनी देणेकऱ्यांसमोर हिशेब मांडला. पुढं अ‍ॅबिसिनियाच्या, म्हणजे आताच्या इथिओपियाच्या, मोहिमेवर निघालेल्या इंग्रजी फौजेला माल पुरवायच्या कंत्राटातून घराणं सावरलं. 1868 मध्ये 21,000 रुपयांवर स्वतःची पेढी काढली, मग चिंचपोकळीची एक बुडालेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, चालवली आणि नफ्यात विकून टाकली. त्यानंतर लँकेशायरला जाऊन तिथला धंदा मुळातून पाहून आले.

आता इथून नागपूर. त्या काळी गिरणी काढायची म्हणजे मुंबईतच, दुसरीकडं कोणी बघायचंच नाही. यांनी उलटा विचार केला की कापूस वर्धा-हिंगणघाट पट्ट्यातला, तो मुंबईला न्यायचा, तिथं सूत काढायचं, कापड विणायचं आणि तेच कापड परत आत विकायला आणायचं, हे कशाला. नागपूरला 1867 मध्ये रेल्वे आली होती, कोळसा वरोऱ्याला होता, बाजारपेठ इथं होती. 1874 मध्ये 15 लाख रुपये भांडवलाची कंपनी काढली, तिचं नाव सेंट्रल इंडिया स्पिनिंग, वीव्हिंग अँड मॅन्युफॅक्चरिंग कंपनी. एवढं लांब नाव कोण घेणार. ज्या दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केलं त्याच दिवशी मिल सुरू झाली म्हणून एम्प्रेस, आणि आपल्या लोकांनी तेच नाव धरून ठेवलं.

जागा मिळाली ती दलदलीची. तलावालगतची ती जमीन मुरूम-माती टाकून भरावी लागली, आणि तेव्हाची गोष्ट सांगतात की इथल्या एका मारवाडी सावकारानं शेअर घ्यायला साफ नकार दिला, म्हणे हा माणूस जमिनीत सोनं पुरून राहिला. नंतर मिल धो धो चालायला लागली तेव्हा तोच सावकार म्हणाला की नाही बा, त्यानं माती टाकली आणि सोनं काढलं. गोष्ट सगळीकडं सांगितली जाते, नागपुरात तर जास्तच.

पण मला जमशेटजींपेक्षाही ज्या माणसाबद्दल जास्त वाटतं तो म्हणजे बेझनजी दादाभाई मेहता. कारण जमशेटजी काही नागपूरला राहिले नाहीत, त्यांचं बिऱ्हाड मुंबईला, ते यायचे-जायचे. मिल रोजच्या रोज चालवली ती बेझनजींनी. आणि हा माणूस होता कोण, तर जीआयपी म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेच्या मालवाहतूक खात्यातला अधिकारी! गिरणीतलं ओ का ठो माहीत नव्हतं. जमशेटजींनी कापडातला माणूस न शोधता माणसं सांभाळता येणारा माणूस शोधला, आणि यंत्रांच्या बाजूसाठी जेम्स ब्रुक्सबी नावाचा इंग्रज तज्ज्ञ आणला. ही जोडी जमली. बेझनबाग नाव आपण रोज घेतो, इंदोऱ्याकडं जाताना, ऑटोवाला ओरडतो, पण त्यातले बेझन म्हणजे हेच बेझनजी, हे कितीतरी लोकांना ठाऊक नसतं. त्यांच्यानंतर मुलगा सोराबजी, पुढं सर सोराबजी मेहता, यांनीही हीच मिल सांभाळली. म्हणजे मालकाचं घराणं मुंबईला आणि मिल चालवणारं घराणं नागपूरला, आणि तेही बाहेरून आलेलंच.

सुरुवात सोपी नव्हती. आधी स्वस्तातली मशिनं घेतली होती ती चालेनात, मग बदलावी लागली. माणसंही टिकेनात, रोज शंभरातली वीसेक माणसं कामावरच नसायची. याला कारणही होतं, आलेली माणसं आसपासच्या खेड्यांतली, कोष्टी-हलबा, महार, कुणबी, पेरणी आली की गाव, लग्न आलं की गाव, सण आला की गाव. दुसऱ्या कोणी दंड लावला असता. इथं हजेरीवर बक्षिसं सुरू झाली, समारंभ करून द्यायचे. 1886 मध्ये पेन्शन फंड आला, 1895 मध्ये कामावर अपघात झाला तर भरपाई, 1901 ला प्रॉव्हिडंट फंड. हे सगळं कायदा यायच्या कितीतरी आधीचं आहे हो. भरपाईचा कायदा 1923 चा आणि पीएफचा कायदा तर 1952 चा. हवा दमट ठेवायची यंत्रं बसवली, आग विझवायचे स्प्रिंकलर बसवले. यात मालकाचा फायदा होता हे उघड आहे, दमट हवेत धागा कमी तुटतो आणि टिकलेला कामगार हात बसलेला असतो, पण त्याच हवेत कामगारही श्वास घेत होता, आणि तेव्हाच्या बाकी गिरण्यांची वर्णनं वाचली की फरक किती होता ते समजतं.

आणि रिंग स्पिंडल, म्हणजे सूत काढायचं तेव्हाचं नवं यंत्र! यावर मी तासभर बोलू शकतो. तेव्हा लँकेशायरमध्ये म्यूल नावाच्या जुन्या यंत्रावर सूत काढत, त्यात गाडा पुढं येतो, पीळ बसतो, मग गाडा मागं जाताना सूत गुंडाळलं जातं, म्हणजे काम थांबून थांबून, आणि कारागीरही मुरलेला लागतो. रिंगमध्ये तसं नाही, बॉबिन फिरत राहते आणि तिच्याभोवतीच्या कड्यावर ट्रॅव्हलर नावाची एक नखाएवढी तारेची आकडी सुसाट धावते, पीळ आणि गुंडाळणं दोन्ही एकदमच. इंग्लंडचे गिरणीवाले अजून नाकं मुरडत होते तेव्हा 1880 च्या सुमारास नागपुरात त्याची चाचणी झाली आणि रिंग बसलेही.

आमचे आजोबा पुढं कित्येक वर्षांनी त्याच मिलच्या रिंग खात्यात होते. धागा कसा जोडायचा ते ते हवेत करून दाखवायचे, एका हातानं फिरती चाती धरायची, बॉबिनवरचं टोक शोधून वर ओढायचं, ट्रॅव्हलरखालून काढायचं, आणि रुळातून उतरणाऱ्या कापसाला असं अंगठा-बोटानं टेकवायचं की गाठ न मारता तो त्याचाच होऊन जातो. डोळ्याचं पातं लवायच्या आत. पाळी संपवून घरी आले की कानात, भुवयांत, मिशीत कापूस, आजी दारातच टॉवेल घेऊन उभी.

एक गोष्ट मात्र लपवू नये. मिलचं सूत बाजारात आलं आणि हातानं सूत काढणाऱ्यांचा धंदा बसला, आपल्याकडं महार बायामाणसं जाडंभरडं सूत काढायची त्यांच्या पोटावर पाय आला. त्यातलेच कितीतरी पुढं मिलमध्ये लागले. रोजगार दिला हे खरं आणि आधीचा बुडाला हेही खरं.

घराण्याचं थोडं राहिलंच. दोराबजी केंब्रिजला शिकले, मुंबईत पेपरात काम केलं, मग बापानं त्यांना आधी पाँडिचेरीला मिल चालेल का ते बघायला धाडलं आणि नंतर कापसाचा धंदा शिकायला कुठं पाठवलं तर नागपूरला, एम्प्रेस मिलमध्ये. पुढं टाटा स्टील उभं करणारा माणूस आधी इथं शिकला, हे मला फार मोठं वाटतं. त्यांचं लग्न मेहेरबाई भाभांशी, त्या होमी भाभांच्या आत्या. दोघांनाही मूल नव्हतं, आणि 1932 मध्ये दोराबजी जाण्याआधी सगळी संपत्ती ट्रस्टला देऊन टाकली. रतनजी त्याआधीच 1918 मध्ये गेले, त्यांनाही मूल नव्हतं, मागं त्यांच्या पत्नी नवाजबाईंनी नवलला दत्तक घेतलं, आणि परवापरवा 2024 मध्ये गेले ते रतन टाटा या नवल टाटांचे चिरंजीव. जमशेटजींची बहीण जेरबाई, तिचा मुलगा शापूरजी सकलातवाला. हा भाचा इंग्लंडला गेला, कम्युनिस्ट झाला, 1922 मध्ये लंडनच्या बॅटरसीमधून खासदार झाला आणि कामगारांच्या बाजूनं बोलत राहिला. मामा गिरणीमालक, भाचा कम्युनिस्ट!

जमशेटजी 19 मे 1904 ला जर्मनीत बाड नाउहाइमला गेले, हिराबाई त्याच वर्षी काही आठवडे आधी. पण मिलच्या बाबतीत मला सगळ्यात भारी वाटतं ते 1886 चं. कुर्ल्याची धरमसी मिल त्यांनी विकत घेतली, नाव ठेवलं स्वदेशी, आणि ती मिल इतकी खराब निघाली की टाटांचं नाव बुडायची वेळ आली. तेव्हा त्यांनी एम्प्रेसचे आपले शेअर विकून तिकडं पैसा ओतला आणि ती सुधारायला नागपूरची माणसं नेली. मुंबईची मिल नागपूरच्या पैशानं आणि नागपूरच्या माणसांनी उभी केली बावा, आणि चालवून दाखवली.