वरची रिकामी जागा

मे महिन्यात नागपुरात डोशाचं पीठ कोणी काठोकाठ भरत नाही. पारा ४५ कडे निघालेला असतो. रात्री ठेवलेलं पीठ पहाटे झाकण उचलून ओट्यावर उतरतं. त्यामुळे पातेलं निम्मंच भरायचं, हे इथे कोणाला शिकवावं लागत नाही. ओहायोतल्या माझ्या भाच्याला मात्र शिकवावं लागलं. त्याला घरी बिअर करायची आहे. तिकडे १९७८ च्या कायद्याने मुभा आहे: घरात एक प्रौढ असला तर वर्षाला १०० गॅलन, दोन असले तर २००. म्हणजे साडेसातशे लिटर! आपल्याकडे परवान्याशिवाय केली तर १९४९ चा दारूबंदी कायदा दारात उभा.

त्याचा प्रश्न साधा होता. "मावशी, बिअर १९ लिटर, तर भांडंही १९ चंच घेऊ ना?"

"काहून रे, फेस कुठं जाईल मग?"

त्याच्या नादाने मीही बरंच वाचून काढलं. यीस्ट माल्टमधली, म्हणजे मोड आणून वाळवलेल्या जवातली साखर खातं, कार्बन डायऑक्साइड सोडतं आणि वर जाड फेस चढतो. तो झाकणावरच्या, वायू बाहेर सोडणाऱ्या वाल्व्हपर्यंत पोचला आणि हॉप्सचा (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांचा) चोथा त्यात अडकला, तर कोंडलेला वायू झाकण उडवतो. १९ लिटरला २५ चं भांडं हवं.

"मग ५०चंच घेतो, पुढे कामी येईल." हा खास आपल्या घराण्याचा विचार. लग्नातली घमेली आमच्याकडे याच हिशोबाने माळ्यावर पडून आहेत. पण इथे तो चालत नाही. फसफस जोरात असते तोवर रिकामी जागा त्या कार्बन डायऑक्साइडनेच भरलेली असते. जोर ओसरला की दर वेळी झाकण उघडताना बाहेरची हवा आत शिरते, आणि जागा जितकी मोठी तितकी ती जास्त मावते. त्या ऑक्सिजनने बिअरला ओल्या पुठ्ठ्याची चव येते म्हणे. पिठाला ही भीती नाही, ते सकाळीच संपतं. बिअरला दोन-तीन आठवडे बसायचं असतं.

काच की प्लास्टिक, यात मी पडले नाही. भरलेलं भांडं वीस किलोच्या वर जातं, हात ओले असतात, एवढंच म्हटलं.

त्याने २५ चं घेतलं. तरी पहिले दोन-तीन दिवस वाल्व्हऐवजी जाड नळी लाव आणि तिचं टोक पाण्याच्या बाटलीत बुडव, असं बजावलंय. फेस आलाच तर बाटलीत जाऊ दे. भाचेसून गालिच्याच्या बाबतीत फार हळवी आहे.