गुरुवारची रोपं

कॉटेज गार्डन, म्हणजे गावाकडच्या घरापुढची दाटीवाटीची फुलबाग, म्हटलं की इथे इंग्लंडमध्येही लोकांना वाटतं, बिया उधळल्या की झालं. मोकळीढाकळी दिसणारी बाग फार बांधून करावी लागते. विटांची वाट मी सव्वा मीटरहून अरुंद धरत नाही, कारण जूनमध्ये नेपेटा आणि अल्केमिला ही फुलझाडं दोन्ही कडांनी तिच्यावर लोळतात आणि चालायला निम्मीच उरते. मेअखेरीस, चेल्सीचं पुष्पप्रदर्शन असतं त्या सुमारास, फ्लॉक्स आणि सेडमचे शेंडे तिसरा हिस्सा छाटायचे, म्हणजे झाडं उशिरा फुलतात आणि पावसात आडवी होत नाहीत.

सॉमरसेटमधल्या एका जोडप्याची बाग मी बघते. तिथे खरी मेहनत होती फॉक्सग्लव्ह या फुलझाडाची. पहिल्या वर्षी जमिनीलगत नुसता पानांचा झुबका, दुसऱ्या वर्षी पुरुषभर तुरा, मग बी सांडून बहुतेक झाडं मरतात. बी धुळीसारखं बारीक, आणि उजेड लागल्याशिवाय रुजत नाही. घरच्या बाईंना फक्त पांढऱ्या फुलांची हवी होती. सांडलेल्या बियांतून काय येईल याचा नेम नाही, पण फुलायच्या आधीच जांभळी बरीचशी ओळखता येतात. पान उलटं करून देठ आणि मधली शीर बघायची. जांभळट झाक दिसली की उपटायचं, निव्वळ हिरवं असेल तर ठेवायचं. पानझडीच्या दिवसांत हातमोजे घालून (झाड विषारी आहे) गुडघ्यांवर बसून तो अख्खा वाफा मी असा विरळला होता. आमच्या धंद्यातले निम्मे लोक हे करत नाहीत, सरळ नवी रोपं विकतात.

मार्चमध्ये गेले तर वाफा लख्ख! साहेबांनी, म्हणजे बाईंच्या यजमानांनी, ते निवृत्त इंजिनिअर, माणूस लावून सगळं 'तण' काढून घेतलं होतं. वर झाडाच्या सालीचा जाड थर. म्हणजे मातीत उरलेलं बीसुद्धा अंधारात गाडलं गेलं. त्या माणसाला काय बोलणार? त्याला तासावर पैसे. रोपं ओळखण्याचे कुणी देत नाही, किती पोती कचरा निघाला तेवढं बघतात.

“आता कशी बागेसारखी बाग वाटते!” चहाचा मग हातात देत साहेब म्हणाले. बाई खिडकीतच उभ्या होत्या.

तिथून जवळच ईस्ट लॅम्ब्रुक आहे. 1930च्या दशकाच्या अखेरीपासून मार्जरी फिश यांनी तिथे बाग उभी केली, आमच्या लोकांची ती पंढरीच. त्यांचे यजमान वॉल्टरही याच पंथाचे: लॉन, वाटा, कुंपण, भिंती आधी चोख हव्यात. त्यात चूक काही नव्हती, त्या चौकटीवाचून नुसतं रान माजतं. आमच्या साहेबांना मात्र चौकट म्हणजेच बाग वाटते, आणि घर त्यांचंही आहे.

दोन दिवसांनी बाईंचा फोन. “गुरुवारी ते गोल्फला असतात.”

गेले. नर्सरीतून छोट्या कुंड्यांतली, गेल्या उन्हाळ्यात पेरलेली, म्हणजे यंदाच फुलणारी रोपं नेली. साल बाजूला सारून मुद्दाम वेडीवाकडी लावली. साहेबांनी विचारलं तर आपोआप उगवली म्हणून सांगायचं, असं बाईंचं ठरलंय. पण बिल दरवेळी जातं साहेबांच्या नावाने. त्यात रोपांपुढे काय लिहावं ते सुचत नाही, म्हणून ते अजून पाठवलेलं नाही.