मॅडम, मुलं खूश कुठे असतात?

मी ठाण्यातल्या एका कॉलेजात संख्याशास्त्र शिकवते. बारावीचे निकाल लागले की तलावपाळीवर निवांत फेरी मारायची माझी सोय जाते. कुणाची तरी आई गाठतेच. "मॅडम, इंग्लंड बरं की जर्मनी? मुलं नक्की खूश कुठे असतात हो?" परवा तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा सविस्तर लिहून टाकते.

मुलांचं समाधान मोजायचं काम आमच्याकडेही असतं. २०१७मध्ये नॅकच्या, म्हणजे कॉलेजांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, मूल्यांकनात विद्यार्थी समाधान सर्वेक्षण आलं. अभ्यासक्रमातला किती भाग वर्गात शिकवून झाला, इथपासून प्रश्न सुरू होतात. उत्तराला शून्य ते चार गुण. हा फॉर्म भरताना मुलांना मी पाहिलंय. मोबाइलवर अंगठा सरसर खाली जातो, सगळीकडे वरचाच पर्याय. एकानं तर विचारलं, "मॅडम, चांगलं कुठलं, शून्य की चार?" आपल्याकडे 'कसं काय' म्हटलं की 'बरं चाललंय' म्हणायची पद्धत. घर गळत असलं तरी. तेव्हा दोन देशांचे आकडे शेजारी ठेवून कुणी काही सिद्ध करायला लागलं, की मी आधी चष्मा पुसते.

पण आकड्यांच्या आतला तपशील बघण्यासारखा असतो. इंग्लंडमध्ये १९९८ साली वर्षाला १,००० पौंड फी सुरू झाली. २०१२मध्ये ती ९,०००पर्यंत गेली. एवढे पैसे मोजल्यावर कुणीही गिऱ्हाइकासारखाच बोलणार. तिथे २००५पासून शेवटच्या वर्षाच्या मुलांचं देशभर सर्वेक्षण होतं. पुष्कळ वर्षं त्यात मुलांची सगळ्यात मोठी नाराजी कशावर होती, सांगा? कॅन्टीन नाही, लायब्ररी नाही. पेपर तपासणं, आणि तपासल्यावर काय चुकलं ते सांगणं. 'एकंदरीत समाधानी आहात का' हा प्रश्न तर इंग्लंडपुरता २०२३पासून काढूनच टाकला. मला विचाराल तर बरंच झालं.

जर्मनीत उलट. काही राज्यांनी मधे फी लावून पाहिली, पण २०१४पर्यंत सगळ्यांनी ती मागे घेतली. (नंतर एका राज्यानं युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना पुन्हा लावली, तेवढं चौकशी करून घ्या.) मग तिथे सगळे आनंदात? छे. आमचा कळव्याचा एक विद्यार्थी आखेनला आहे. पहिले दोन महिने त्याचं एकच रडगाणं: खोली मिळत नाही. नंतर एका रात्री फोन आला तो वेगळ्याच सुरात. निकालानंतर तिथे ठरलेल्या दिवशी आपला तपासलेला पेपर बघायला जाता येतं. 'क्लाउझुअरआइनझिश्ट' म्हणतात त्याला, मी तीनदा म्हणवून घेतलं. हा गेला, तर तपासनिसाच्या शेजारीच खुर्ची. एका गणितात पद्धत बरोबर आणि चिन्ह चुकलेलं. गुण सगळेच गेलेले. यानं बोट ठेवलं, समोरच्यानं पुन्हा वाचलं, दोन गुण वाढवले. ग्रेड तीच राहिली. पण पोरगा पंधरा मिनिटं तेच सांगत होता. खोलीचं नावही काढलं नाही.

आपल्याकडे उत्तरपत्रिका बघायचा हक्क आहेच की. माहितीच्या अधिकारात ती दाखवायला हवी, असं सर्वोच्च न्यायालयानं २०११मध्येच सांगितलं. फी भरली की फोटोकॉपी मिळते. मागच्या वर्षी एक मुलगी तशीच फोटोकॉपी घेऊन स्टाफरूममध्ये आली. आसनगावहून पहाटेची गाडी पकडून येणारी, पुढच्या बाकावरची. साडेतीन पानांचं उत्तर, समासात एक बरोबरची खूण आणि खाली साडेचार. दुसरं एक अक्षर नाही. ती म्हणाली, "मॅडम, साडेचार तर साडेचार. पण हा अर्धा कशाचा?"

मला सांगता आलं नाही. तो पेपर मी तपासलेला नव्हता, पण मीही असे अर्धे वर्षानुवर्षं वाटत आलेय.

त्या नॅकच्या फॉर्ममध्येच एक प्रश्न आहे: असाइनमेंटमधल्या तुमच्या कामगिरीवर तुमच्याशी चर्चा झाली का? तिथेही मुलं डोळे झाकून चार भरतात, आणि आम्ही तो चार खुशाल अहवालात लिहितो. या वर्षी मी वर्गचाचणीच्या पेपरांवर एकेक ओळ लिहायला घेतली. सत्तर पेपर, दोन रविवार गेले, आणि घरच्यांनी जेवण बाहेरून मागवलं.

तेव्हा तुमच्या लेकासाठी देश निवडताना रँकिंग बघा, फी बघा, खोलीचं भाडं तर बघाच. पण तिथे दुसऱ्या वर्षाला असलेला कुणी मराठी मुलगा शोधा आणि त्याला एवढंच विचारा: पेपर किती दिवसांनी हातात येतो, आणि त्यावर काय लिहिलेलं असतं? ऑफिसात विचारू नका, तिथे सगळीकडे चारच मिळतात.