'पण' काढला आणि पणजीची 'जी' झाली

गोव्यात, आमच्या फोंडा तालुक्यातल्या गावात मराठी नाटक झाल्याशिवाय जत्रा झाल्यासारखी वाटत नाही. नाटकाबरोबर दरवर्षी स्मरणिका निघते. अशा एकवीस स्मरणिकांतले लेख मंडळातल्या पोरांनी हौसेने टाइप करून ठेवले होते, आणि कुठल्या लेखात काय आहे ते चटकन कळावे अशी शब्दसूची करायचे काम माझ्या गळ्यात पडले. मला पायथन ही प्रोग्रॅम लिहायची भाषा येते ती कामापुरती. बेत साधा होता: आणि, पण, की, हा, तो, आहे असले भरीचे शब्द, ज्यांना स्टॉप वर्ड म्हणतात, ते गाळायचे आणि उरलेले मोजायचे. आयबीएम या संगणक कंपनीतल्या हान्स पीटर लून यांनी १९५८ साली यंत्राकडून लेखांचा गोषवारा काढून घेताना शब्द किती वेळा येतात हेच मोजले होते. म्हटले, आपल्यालाही जमेल.

नेटवरून मराठी यादी उतरवली आणि रिप्लेस, म्हणजे शोधून बदलायची आज्ञा, वापरून तिच्यातला एकेक शब्द मजकुरातून उडवला. पणजीतला 'पण' गेला, 'जी' उरली. 'वा' गेला आणि वाळपईची 'ळपई' झाली. यादीत 'का' आणि 'कोण' दोन्ही असल्यामुळे अख्ख्या काणकोणचा नुसता 'ण' राहिला! आधी मजकुराचे शब्द सुटे करायचे आणि मग अख्खा शब्द यादीशी ताडायचा, हे तेव्हा कळले.

सुटे करताना पुन्हा ठेच लागली. पायथनच्या साध्या रेगेक्समध्ये, म्हणजे मजकुरातले नमुने शोधायच्या सोयीत, 'शब्दातले अक्षर' म्हणून जी खूण असते, तिला आपले काना, मात्रा, अनुस्वार, हलन्त यांतले काहीच अक्षर वाटत नाही. मांडवीचे 'म' आणि 'डव' असे दोन तुकडे पडले. मग युनिकोडमधला, म्हणजे संगणकातल्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला, देवनागरीचा पट्टा, ०९०० ते ०९७एफ, मीच लिहून दिला. तरी 'पुजाऱ्यांनी' तुटतच होता. टाइप करणाऱ्याने तो अर्धा र जोडण्यासाठी एक न दिसणारे चिन्ह वापरले होते, आणि ते या पट्ट्याबाहेरचे. शब्द तिथेच तुटून 'यांनी' वेगळा पडायचा, आणि 'यांनी' यादीत असल्याने गुपचूप नाहीसा व्हायचा. हे शोधण्यात एक अख्खा रविवार गेला.

खरी अडचण मराठीचीच होती. इंग्रजीत 'मध्ये', 'ला', 'चा' या अर्थाचे शब्द सुटे असतात, यादीने अलगद निघतात. आपल्याकडे ते नामाला चिकटून बसतात. नाटक, नाटकात, नाटकाला, नाटकांमध्ये हे संगणकाला चार वेगळे शब्द. मी प्रत्यय कापणारी कात्री लिहिली. तिने 'कडे' कापून खेकड्यांचे 'खे' केले आणि 'शी' कापून मंगेशीचे 'मंगे'. फर्मागुडीला इंजिनिअरिंग करणारी भाची हसत म्हणाली, "मामा, कापून उरलेला शब्द लेखांत कुठे सुटा सापडतो का बघ. नसेल तर कापूच नकोस." नाटकालामधून 'नाटका' उरतो, त्याचा काना काढला की 'नाटक' सापडतो. 'खे' कुठेच सापडत नाही, म्हणजे खेकडे शाबूत. गोव्यात, गोव्याला यांसारख्या रूपांची मूळ शब्दाशी जोडयादी मात्र हाताने केली. म्हाताऱ्यांच्या तोंडची कोकणी वाक्ये लेखांत जागोजागी होती, म्हणून 'आसा', 'हांव' हेही गाळायच्या यादीत घातले.

तरीही प्रत्येक लेखात वर तेच: नाटक, जत्रा, मंडळ. संगणकशास्त्रज्ञ कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ साली मांडले होते की जो शब्द थोड्याच लेखांत येतो त्याला जास्त वजन द्यावे. तसे वजन लावताच 'पेट्रोमॅक्स', 'पखवाज', 'दाढीमिशा' वर आले. मी खूश.

छापील सूची मंडळातल्या एका काकांना दाखवली. त्यांनी चष्मा सारखा केला, पाने पुढे-मागे उलटली आणि विचारले, "अत्र्यांचं 'तो मी नव्हेच' कुठे आहे रे? आमच्या गावात किती गाजलं होतं ते!" नव्हतेच. 'तो' यादीत, 'मी' यादीत, आणि 'नव्हेच'मधला 'च' माझ्याच कात्रीने कापल्यावर उरलेला 'नव्हे'ही यादीत. नाटक मंडळाच्या सूचीतून नाटकच गाळले गेले होते, आणि तेही नियमाने.

मग जुन्या जाहिराती आणि पात्रयोजनेची पाने चाळून नाटकांच्या नावांची यादी केली. काका सांगत गेले, मी टाइप करत गेलो. आता मजकूर सुटा करण्याआधी ही नावे खालच्या रेघेने जोडून एकसंध शब्द करून टाकतो आणि ती रेघ पट्ट्यात चालवून घेतो. 'तो_मी_नव्हेच' सात लेखांत निघाले. त्यातला एक लेख काकांचाच होता, आणि तो आपण लिहिल्याचे ते विसरून गेले होते.