आमची वाटचाल: आधी प्रेशर गेज, मग पाना

कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमचं काम जीप आणि टेम्पोच्या स्टिअरिंग बॉक्सपासून सुरू झालं. बॉक्स खोलायचा, वर्म आणि सेक्टर या आतल्या दातेरी भागांची झीज बघायची, बुश-बेअरिंग बदलायचं, शिम म्हणजे पातळ पत्र्याची चकती घालून खेळ (ढिलेपणा) काढायचा. त्यात तेलाच्या दाबाचा प्रश्नच नव्हता. 1998 मध्ये लॅन्सर भारतात आली. तिच्यासारख्या गाड्यांबरोबर तेलाच्या दाबावर चालणाऱ्या पॉवर स्टिअरिंगचे पंप, होज (दाबाचे पाइप) आणि रॅक (चाकं वळवणारी दातेरी दांडी आणि तिचं घर) टेबलावर यायला लागले. पुढे जुन्या स्पोर्ट्स गाड्या आल्या: मर्सिडीजची पहिली एसएलके, बीएमडब्ल्यू झेड3, एखादी पोर्शे 944. आकड्यात थोड्या, पण आमची कामाची पद्धत त्यांनीच बदलली. या गाड्यांचा रॅक सहज मिळत नाही, मिळाला तर महाग. त्यामुळे ‘बदलून बघू’ म्हणायची सोय राहत नाही. सुरुवातीला जड स्टिअरिंग म्हणजे रॅक गेला, असंच आम्ही धरायचो. ते चूक होतं. मोजल्यावर बऱ्याच वेळा दोष बेल्ट, टाकी किंवा सक्शनच्या म्हणजे टाकीतून पंपाकडे तेल ओढणाऱ्या पाइपात निघतो.

गाडी आली की आधी तेलाकडे जायचंच नाही. टायरची हवा, टायरची रुंदी, अलाइनमेंट बघायची. मूळ मापापेक्षा रुंद टायर आणि बाहेर निघालेली व्हील घातली असतील तर पंप कितीही चांगला असो, जागेवर स्टिअरिंग जड लागणारच. मग पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग टोकापासून टोकापर्यंत फिरवायचं. एका फेरीत दोनदा ठरावीक जागी अडकत असेल तर कॉलमचा युनिव्हर्सल जॉइंट गंजलाय. सगळीकडे सारखं जड असेल तर बॉल जॉइंट नाहीतर स्ट्रटच्या वरचं बेअरिंग. हवेत हलकं आणि जमिनीवर जड असेल, तरच दोष तेलाच्या बाजूला शोधायचा.

एसएलकेबद्दल एक सांगायला हवं. 1996 ते 2004 च्या त्या गाडीत रॅक नाही, रिसर्क्युलेटिंग बॉलचा, म्हणजे आत स्टीलच्या गोळ्या फिरणारा बॉक्स आहे. मधल्या जागी ढिलेपणा आला म्हणून वरचा स्क्रू आवळायचा मोह होतो. जास्त आवळला की वळण संपल्यावर स्टिअरिंग आपणहून सरळ येत नाही आणि बॉक्स आतून लवकर झिजतो. आधी बॉक्सपासून चाकांपर्यंतचे जोड म्हणजे ड्रॅग लिंक आणि आयडलर आर्मचा बुश, आणि कॉलमचा कपलर बघा. खेळ पुष्कळदा तिथेच असतो.

तेलाची बाजू तपासायला आम्ही पंप आणि रॅक यांच्या मधल्या प्रेशर लाइनवर वाल्व्हसह 150 बारचं गेज लावतो. तेल 50 ते 60 अंशांपर्यंत तापवून घ्यायचं, कारण थंड तेल खोटं रीडिंग देतं. वाल्व्ह उघडा, इंजिन आयडलवर, स्टिअरिंग सरळ: दाब साधारण 10 बारच्या आत हवा. जास्त दिसला तर रिटर्नचा (तेल टाकीत परत नेणारा) पाइप दबलाय किंवा टाकीतली जाळी तुंबलीय. मग वाल्व्ह बंद करायचा, पण पाच सेकंदांपेक्षा जास्त कधीच नाही. त्यापुढे पंपातलं तेल उकळायला लागतं आणि वेन (पंपातली पाती) घासतात. बंद वाल्व्हला दाब कंपनीच्या आकड्यापर्यंत चढला पाहिजे. बऱ्याच गाड्यांत तो 70 ते 100 बारमध्ये असतो. नाही चढला तर पंप, त्याचा रिलीफ वाल्व्ह किंवा सरकणारा बेल्ट. बंदला चढला, पण वाल्व्ह उघडून स्टिअरिंग टोकाला धरल्यावर चढत नाही, तर तेल रॅकच्या आतून निसटतंय. डावीकडे चढतो आणि उजवीकडे नाही, असं झालं तर पिनियनवरचा (रॅक फिरवणाऱ्या छोट्या गिअरवरचा) रोटरी वाल्व्ह किंवा एका बाजूचं सील. या दहा मिनिटांत हजारो रुपये वाचतात.

आवाजावरून अंदाज येतो. स्टिअरिंग फिरवताना किंचाळी आली तर बेल्ट. अंगठ्याने जोर देऊन मधल्या भागात साधारण 10 मिलिमीटर दबला पाहिजे. घुमणारा, कण्हल्यासारखा आवाज म्हणजे तेलात हवा. टाकीत फेस दिसेल, तेल दुधाळ होईल. हवा प्रेशरच्या बाजूने आत जात नाही, तिथून तेल बाहेर येतं. ती सक्शनच्या बाजूने शिरते आणि बाहेर थेंबही दिसत नाही. म्हणून टाकीतून पंपाला जाणारा पाइप, त्याची क्लिप आणि पंपाच्या तोंडाची ओ-रिंग आम्ही न विचारता बदलतो. पार्किंगमध्ये पूर्ण वळवल्यावर इंजिन बंद पडत असेल, तर पंपावरच्या प्रेशर स्विचची वायर बघा. आयडल वाढवायचा निरोप इंजिनपर्यंत पोचत नसतो.

तेल कोणतं, हे टाकीच्या झाकणावर वाचायचं. झेड3 च्या वयाच्या बीएमडब्ल्यूत काहींना लाल एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल), काहींना हिरवं सीएचएफ 11एस हे हायड्रॉलिक तेल लागतं. होंडाला तिचं स्वतःचंच. चुकीच्या तेलाने सील फुगतात किंवा कडक होतात, आणि त्याचा परिणाम काही महिन्यांनी दिसतो, तेव्हा कारण कोणाच्या लक्षात राहिलेलं नसतं.

रॅक काढायची वेळ आली तर स्टिअरिंग व्हील सरळ करून बांधून टाकायचं. एअरबॅगच्या गाडीत ते मोकळं फिरलं तर आतली क्लॉक स्प्रिंग (एअरबॅगची गुंडाळलेली वायर) तुटते आणि नसलेला खर्च अंगावर येतो. टाय रॉड एंड (रॅक चाकाला जोडणारा सांधा) काढताना आटे मोजून लिहून ठेवायचे. बूट (रॅकच्या टोकाचं रबरी आवरण) काढला की आत तेल आहे का गंज, तिथेच निकाल लागतो. उभ्या गाडीचं सगळ्यात मोठं नुकसान इथेच होतं. बूट फाटतो, ओल जाते, रॅक बारवर (आतल्या दातेरी दांडीवर) खड्डे पडतात आणि नवं सील पहिल्या हजार किलोमीटरमध्ये कापलं जातं. सील घासतं त्या भागात नखाला खड्डा लागला, तर आम्ही नुसतं सील बदलून गाडी देत नाही.

अशा बारला घासून हार्ड क्रोम (क्रोमियमचा कडक थर) आणि पुन्हा मूळ मापाला ग्राइंडिंग, हा उपाय कोल्हापुरात शक्य आहे. ऑइल इंजिनांच्या आणि फाउंड्रीच्या धंद्यामुळे हे हात इथे तयार आहेत. मात्र दात झाकून घ्यायचे, क्रोमनंतर लगेच 190 अंशांच्या आसपास काही तास भट्टीत ठेवायचं. नाहीतर प्लेटिंगमध्ये शिरलेल्या हायड्रोजनने कडक स्टील ठिसूळ होतं. त्यानंतर मॅग्नेटिक क्रॅक टेस्ट. ती टाळायला सांगणाऱ्या ग्राहकाचं काम आम्ही परत पाठवतो. बार तुटला तर चाक हाताबाहेर जातं. मधले दात झिजले असतील तर मात्र उपाय नाही. मधला खेळ काढायला गाइडचा (बार पिनियनवर दाबून धरणाऱ्या भागाचा) नट आवळला की टोकाला स्टिअरिंग जाम होतं. असा रॅक बदलावाच लागतो.

रॅकमधली टेफ्लॉनची सीलिंग रिंग गरम पाण्यात पाच मिनिटं ठेवून ताणायची आणि बसवल्यावर स्लीव्हमध्ये दाबून पुन्हा मापाला आणायची. ही घाई केली की रिंग कडेला कापली जाते आणि सगळं काम पुन्हा. होजच्या बाबतीत जेसीबीच्या कामाचा साधा हायड्रॉलिक होज क्रिंप करून घालतात. दाब तो सहज सोसतो, पण मूळ होज थोडा फुगतो आणि पंपाचे ठोके आत जिरवतो. साध्या होजने केबिनमध्ये सतत घुमघुम येते.

2019 आणि 2021 च्या पुरांनंतर एक वेगळंच काम आलं. राजाराम बंधाऱ्यावर 39 फुटांची इशारा पातळी जवळ आली की आम्ही बुटक्या गाड्यांच्या मालकांना आधी गाडी उंचावर न्यायला सांगतो. यांचा रॅक जमिनीपासून जेमतेम हातभर वर, त्यामुळे पाणी केबिनमध्ये पोचायच्या आत बूटमध्ये शिरतं. पुरातून निघालेल्या गाडीचं इंजिन चालू करून स्टिअरिंग फिरवू नका. गाळ पंपातून सगळीकडे जातो. रिटर्न पाइप सोडून, टाकीचं तोंड बंद करून, साधारण दोन लिटर ताजं तेल वाहतं ठेवून सगळं धुवायचं, आणि बूट काढून आतला गाळ हाताने साफ करायचा.

नवं तेल भरताना चाकं उचललेली, इंजिन बंद, टोक ते टोक पंधरा-वीस फेऱ्या. मग इंजिन चालू. चालू आणि बंद स्थितीतला पातळीचा फरक 5 मिलिमीटरच्या आत आला की हवा निघाली. इंजिन बंद करताच तेल वर उसळलं तर अजून बाकी आहे. ट्रायलला गाडी गगनबावड्याच्या रस्त्याने नेतो, कारण सलग वळणांत तेल खरं तापतं. परत आल्यावर गेज पुन्हा लावतो आणि दोन्ही वेळची रीडिंग लिहिलेला कागद गाडीसोबत देतो. पाचशे किलोमीटरनंतर एकदा क्लिपा आवळायला आणि बूट बघायला गाडी आणावी. त्याचे पैसे आम्ही घेत नाही.